चिवट खडप मोजायचं कसं: बेळगाव ते मालवण, पंचमी ते दशमी

पंचमी, बेळगाव

मालवणच्या खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, जगणारे प्रवाळ मोजायला जायचं, तर तारीख ठरवताना सुट्टी बघायची नाही, तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मालवणच्या खडपांवरून पाणी इतकं ओढतं, की टेप धरून ठेवायलाच एक माणूस लागतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस. भरती-ओहोटीतला फरक कमी, प्रवाह मंद. म्हणून माघ शुद्ध पंचमीला बेळगावात तयारी, षष्ठीला प्रवास, रथसप्तमी आणि अष्टमीला पाण्यात, नवमीला परत, असा बेत.

परवानगीचं काम त्याच्या बरंच आधी उरकलेलं असावं लागतं. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला पद्मगडाच्या आसपासचा ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. तिथे अभ्यासासाठी उतरायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. दगडी प्रवाळ याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही खिशात घालायचा नाही.

पंचमीचा दिवस हार्डवेअरच्या दुकानात गेला. मोजणीची चौकट पीव्हीसी पायपाची: अर्ध्या इंची पायपाचे चार तुकडे, चार एल्बो. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. पाइप ५० सेंटिमीटरचा कापतात आणि चौकट ५० ची झाली असं समजतात. एल्बो जोडल्यावर आतलं माप वेगळंच येतं. मोजायचं ते आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, आणि कापायचं ते एल्बो बसवून पाहिल्यावर. समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांना सोल्युशन लावायचं. उरलेले दोन नुसते दाबून बसवले की चौकट सुटी करून डिकीत ठेवता येते. दर दहा सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडायचं, नाहीतर आत हवा अडकते आणि चौकट तरंगत राहते. दोन बाजूंच्या पायपांत आठ मिलिमीटर सळईचा तुकडा सारला की लाटेने ती हलत नाही. आडवी-उभी नायलॉनची दोरी दहा-दहा सेंटिमीटरवर ओवली, की २५ घरं होतात आणि आत १६ छेदनबिंदू मिळतात.

"बाथरूमचं काम काढलासा काय?" दुकानदार मामांनी विचारलं. समुद्रात न्यायचं म्हटल्यावर त्यांनी पाचवा एल्बो तसाच दिला, आणि तोच पुढे उपयोगी पडला.

फायबरचा ५० मीटर टेप दोन नग. लोखंडी टेप एका दिवसात गंजतो. ओळंबा म्हणून दीड मीटर दोरीला बांधलेला एक नट. लिहायला पांढऱ्या पीव्हीसी पत्र्याची पाटी, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलेली. लाकडी पेन्सिल पाण्यात फुगून उकलते, म्हणून प्लॅस्टिकची, आणि ती पाटीला दोरीने बांधलेली. मेडिकलच्या दुकानातून बोथट टोकाच्या ड्रेसिंगच्या दोन कात्र्या.

एक गोष्ट मात्र बेळगावात करून घेऊ नये. ती म्हणजे प्रवाळाचा रंग मोजायच्या तक्त्याची झेरॉक्स किंवा फ्लेक्स प्रिंट. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचा हा तक्ता २००२ पासून वापरात आहे. बी, सी, डी, ई असे चार रंग, आणि प्रत्येकाच्या १ ते ६ छटा. छपाईच्या यंत्राने शाई थोडी बदलली की ३ ची छटा ४ दिसते, आणि सगळी मोजणी छटांवरच उभी असते. मूळ प्लॅस्टिकचा तक्ताच हवा.

संध्याकाळी लॉगरची, म्हणजे पाण्याचं तापमान आपोआप नोंदवत राहणाऱ्या यंत्राची, बर्फचाचणी. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि गोडं पाणी, लॉगर आत, अधूनमधून ढवळत अर्धा तास. शून्य यायला हवं. दोन लॉगर ठीक आले, एक ०.४ वर अडकला. तो फेकायचा नसतो, डब्यावर "उणे ०.४" असं लिहून ठेवायचं असतं. एवढी किरकिर कशासाठी, ते पुढे कळेल.

षष्ठी, बेळगाव ते मालवण

हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, मग आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, मालवण. साधारण दीडशे किलोमीटर. चौकट सुटी, टेप पिशवीत, लॉगर थर्मासमध्येच.

आंबोलीत थांबावं ते धबधब्यासाठी नव्हे, पाण्याची वाट समजून घेण्यासाठी. हिरण्यकेशी इथे उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वळते. पुढे घटप्रभेला मिळून कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात. खानापूर तालुक्यातली म्हादई उलट वाटेची: आपल्या जिल्ह्यात उगम, आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. मालवणच्या खडपांवरचा चिखल या दोघींचा नाही. तो गड आणि कर्ली या नद्यांच्या खाड्यांतून, लाल मातीच्या डोंगरउतारांवरून येतो. पहिल्या मोठ्या पावसात किनाऱ्याजवळचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. आणि तरीही तिथे प्रवाळ जगतात. या सगळ्या खटाटोपाचं कारण तेच.

प्रवाळ म्हटलं की डोळ्यांपुढे निळं काचेसारखं पाणी आणि सांबरशिंगासारख्या फांद्या येतात. मालवणात तसं जवळजवळ काही नाही. इथे आहेत गोळे, ढेपा आणि खडकाला चिकटलेले पापुद्रे: पोराइट्स, गोनिअॅस्ट्रिया, फॅव्हाइट्स, सायफॅस्ट्रिया, आणि कोबीच्या पानासारखी टर्बिनेरिया. ही मंडळी उन्हाळा काढतात, त्याची कारणं एकाहून जास्त आहेत. पोराइट्सचं जिवंत मांस सांगाड्यात खोलवर मुरलेलं असतं, त्यामुळे वाईट दिवसांसाठी साठा राहतो. गढूळ पाणी कडक ऊन गाळतं. प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणारं शैवाल हाकललं गेलं, तरी हे प्रवाळ पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतात. शिवाय त्या शैवालाचे काही प्रकार इतरांपेक्षा जास्त उष्णता सोसणारे असतात. मेमध्ये पाणी सर्वांत गरम होतं आणि जूनच्या ढगांनी, लाटांनी निवतं. उष्णतेचा मारा बहुतेक वर्षी लवकर आटोपतो.

बहुतेक वर्षी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली मालवणातल्या ब्लीचिंगची, म्हणजे शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडण्याची, नोंद प्रसिद्ध केली आहे. चिवट म्हणजे अमर नव्हे. चिवटपणाचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे मोजावे लागतात. एक, पांढरं न पडणं. दुसरा, पांढरं पडून पुन्हा रंग धरणं. एकाच भेटीत यातलं काहीच कळत नाही. तोच गोळा, तीच चौकट, तोच कोन, वर्षातून दोनदा.

रथसप्तमी, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूची खडपं

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब इकडे सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट. सप्तमी म्हणजे सव्वापाच. हा हिशोब ढोबळ आहे, आणि मालवणात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. वेळ बंदराच्या तक्त्यावरून पक्की करावी. त्यातला अडचणीचा भाग असा: स्वच्छ पाणी भरती चढताना येतं, आणि भांगाच्या दिवसांत सकाळी ओहोटी असते. दुपारची भरती धरावी तर अकरानंतर वारा फिरतो, लाट उठते. म्हणून गढूळपणा थोडा सोसायचा आणि सकाळची मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, असेपर्यंत काम उरकायचं. अगदी तळाची ओहोटी लागताना प्रवाह जवळपास थांबतो, तो अर्धा तास फोटोंसाठी राखायचा.

"आज पानी गढूळ आसा. जरा निवळांदे, तवसर थांबा," तांडेल काका म्हणाले. पांढरी तबकडी दोरीने सोडून पाहिली. तीन मीटरवर दिसेनाशी झाली. तीन मीटरमध्ये टेपची मोजणी होते, फोटो बरे येत नाहीत. थांबलो.

होडीचा नांगर वाळूत टाकायचा, खडपापासून दूर, आणि पोहत यायचं. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा अंगरखा.

प्रवाळ मोजायच्या "रीफ चेक" नावाच्या पद्धतीत १०० मीटरची रेघ असते. २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५ मीटरची मोकळी जागा, दर अर्ध्या मीटरवर एक नोंद. तुकड्याला ४०, एकूण १६० बिंदू. मालवणातली खडपं तुटक आहेत, सलग १०० मीटर क्वचितच मिळतात. तिथे चार तुकडे वेगवेगळे टाकायचे, पण खोली एकच ठेवायची. आमचे चारही तीन ते पाच मीटरच्या आत होते. टेप दर तीन-चार मीटरवर दगडाच्या फटीत अडकवायचा, प्रवाळाभोवती कधीही गुंडाळायचा नाही. अर्ध्या मीटरच्या खुणेवर नटाचा ओळंबा सोडायचा. नट जिथे टेकेल तीच नोंद. नजरेने ठरवलं की हात नकळत सुंदर गोष्टीकडे जातो आणि प्रवाळाची टक्केवारी फुगते.

बिंदूखाली काय सापडलं ते लिहायची सांकेतिक अक्षरं पाठ असतात, घोळ पुढेच होतो. पांढरा पडलेला पण जिवंत प्रवाळ हा "कठीण प्रवाळ"च, मेलेला नव्हे. "नुकताच मेलेला" हे वेगळं खातं आहे, वर्षभरातल्या मृत्यूंचं. रबरासारखे, हिरवट-तपकिरी झोअँथिड खडकावर गोधडीसारखे पसरलेले असतात. नवा माणूस त्यांना प्रवाळ म्हणून मोजतो. ते "मऊ प्रवाळ" या खात्यात जातात, समुद्रफुलं मात्र "इतर"मध्ये. अर्ध्या सेंटिमीटरपासून १५ सेंटिमीटरपर्यंतचा सुटा तुकडा म्हणजे चुरा, त्याहून मोठा तो खडक.

आता पांढरा डाग. सगळ्यात जास्त चुका इथेच. तिसऱ्या तुकड्यात १२ मीटरच्या खुणेजवळ परातीएवढा एक पोराइट्स होता, वर तीन पांढरे ठिपके. वरून पाहिल्यावर ब्लीचिंगच वाटावं. वीतभर अंतरावर गेल्यावर दिसलं, की प्रत्येक ठिपका म्हणजे जोडीने ओढलेले दोन ओरखडे आहेत आणि त्यात पृष्ठभाग खरवडलेला आहे. पोपटमाशाने घेतलेला घास. ब्लीचिंगमध्ये पृष्ठभाग शाबूत राहतो. काचेसारख्या पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसतो, आणि नीट पाहिलं तर पॉलिपची, म्हणजे प्रवाळातल्या एकेका इवल्या जीवाची, तोंडंही. मेलेल्यात मांस नसतं, घरांच्या कडा धारदार आणि उघड्या. काही दिवसांनी त्यावर हिरवट शेवाळाची साय धरते. याच गोळ्याच्या एका बाजूला गुलाबी कड होती. पोराइट्सला काही खुपलं, घासलं, किंवा कुणी शेजारी चिकटलं, की तो तिथे गुलाबी होतो. बोटाने वाळू बाजूला सारली तर खाली नायलॉनचा एक धागा निघाला, गोळ्यावरून गेलेला. गुलाबी म्हणजे लगेच रोग असं लिहायचं नाही. आधी धागा शोधायचा.

साडेदहाला पाणी थांबलं, दृश्यमानता सुधारली. वीस गोळ्यांचे रंग घेतले. प्रत्येकाची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद जागा, तक्ता अगदी खेटून धरून. वाढीची टोकं मुळातच फिकी असतात, ती सोडायची. आपली सावली पडू द्यायची नाही. एका गोळ्याची छटा पुढच्या भेटीत दोन अंकांनी घसरली, तर काहीतरी बिघडलं आहे असं धरायचं. एका अंकाचा फरक माणसागणिक होतो.

लॉगर बसवताना दोन गोष्टी. उथळ पाण्यात ऊन थेट पडलं, तर लॉगर स्वतःच तापतो आणि पाण्याचं नव्हे, स्वतःचं तापमान सांगतो. म्हणून पांढऱ्या पायपाच्या तुकड्यात, दोन्ही तोंडं उघडी. उरलेला एल्बो इथे लागला: पायपाला वाक दिला की वरून ऊन शिरत नाही आणि पाणी खेळतं राहतं. बाहेरून चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे चिकटणारे शिंपले पुढच्या वेळी चिकटपट्टीसकट सोलून काढता येतात. अर्ध्या तासाला एक नोंद, वर्षाला १७,५२०.

बर्फचाचणीची किरकिर इथे कळते. ब्लीचिंगची सीमा म्हणजे त्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश जास्त. समजा ती सरासरी ३० आहे आणि पाणी चार आठवडे ३१.५ राहिलं, तर दीड गुणिले चार, म्हणजे सहा "अंश-आठवडे". बारा आठवड्यांच्या बेरजेत चारच्या पुढे ब्लीचिंगची भीती, आठच्या पुढे मृत्यूची. ज्या मोजणीत एक अंश म्हणजे सगळा खेळ, तिथे ०.४ ची चूक कपाळावर लिहून ठेवलेली बरी.

अष्टमी, जाळी आणि नांगर

पाणी कालच्यापेक्षा स्वच्छ. कायमच्या चौकटींचे फोटो आधी काढले. गोळ्याजवळच्या मेलेल्या खडकात खुणेचा खिळा, त्याला नंबराची पट्टी. चौकट पट्टीच्या उजव्या कोपऱ्याला टेकवायची आणि कॅमेरा सरळ वरून. पाण्यात फ्लॅश टाकला की गढूळ कण बर्फासारखे चमकतात, म्हणून फ्लॅश बंद आणि सूर्य पाठीशी.

मग जाळी. तुटून आलेलं जाळं खडपावर अडकतं, लाटेबरोबर पुढेमागे घासत राहतं, आणि जिथे घासतं तिथे प्रवाळाची कातडी जाते. होडीला बांधून ओढणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत. जाळ्याबरोबर गोळाच उपटून येतो. फूट-दीड फुटाचे तुकडे करत, मोकळ्या बाजूकडून अडकलेल्या बाजूकडे कापत जायचं. एकाने कापायचं, दुसऱ्याने फक्त त्याच्या मागच्या नळ्या आणि पट्टे बघायचे. कापणाऱ्याचं लक्ष पुढे असतं आणि जाळं मागून धरतं. जो धागा प्रवाळाने अंगात घेतला आहे तो ओढायचा नाही, दोन्हीकडून कापून तसाच ठेवायचा. कालचा नायलॉन तसा नव्हता, नुसता अडकलेला होता. कात्रीच्या दोन चिमटींत सुटला. वर आणलेलं जाळं दहा मिनिटं निथळू द्यायचं आणि मग वजन करायचं. प्रत्येक वेळी दहाच मिनिटं, नाहीतर पाण्याचं वजन मोजलं जातं.

नांगराचा प्रश्न जाळ्यापेक्षा जुना. गोल पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेएवढा गोळा म्हणजे तीन-चार पिढ्यांचं काम, आणि लोखंडी नांगराचा एक फटका त्याची फाक करतो. उष्णतेतून वाचलेला प्रवाळ नांगराने मरावा, हे जास्त लागतं, कारण हे टाळता येतं. उपाय म्हणजे होडी बांधायचा कायमचा बोया. पण तो नीट केला नाही तर तोच खडप खरवडतो. हिशोब असा: १ मीटर लांब, १ मीटर रुंद, अर्धा मीटर उंच काँक्रीटचा ठोकळा कोरड्यावर १,२०० किलो भरतो. समुद्राच्या पाण्यात तो ५१२ किलो हलका होतो, हाती राहतात ६८८ किलो. कोरड्या वजनावर होडी बांधणाऱ्याचा ठोकळा वाऱ्यात सरकतो. ठोकळा वाळूत, खडपावर कदापि नाही. साखळी तळाला घासू नये म्हणून दोरीच्या मध्यावर पाण्याखाली एक छोटा तरंगता गोळा. दोरी नायलॉनची, कारण पॉलिप्रॉपिलीन तरंगतं आणि पंख्यात जातं. शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन तारेने बांधायची. लाटेत ती रोज थोडी सैल होते आणि एके दिवशी गळून पडते.

अकराला सगळे पाण्याबाहेर. ही वेळ घड्याळात लिहून ठेवली, कारण परतीचा हिशोब तिच्यावर.

नवमी, घाट चढण्याची वेळ

मालवणचे लोक हा हिशोब करत नाहीत, त्यांना करायची गरजही नाही. बेळगावकराला आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटर उंच, बेळगाव साडेसातशे. हवेची टाकी लावून पाण्याखाली राहिलं की रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायच्या आत उंचावर गेलं, तर बुडबुडे धरतात. विमानासाठी जे नियम आहेत ते साधारण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतात, म्हणजे आपल्या घरालाही. एकच उथळ डाइव्ह असेल तर १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग दिवस असतील तर १८ तास. काल अकराला बाहेर आलो, अधिक १८, म्हणजे आज पहाटे पाच. निघालो आठला. डाइव्ह उथळ होत्या म्हणून नियम मोडायचा नसतो, आणि शेवटची डाइव्ह संध्याकाळी करून रात्रीच घाट चढणारे बरेच असतात.

सामान गोड्या पाण्यात भिजवून मगच गाडीत. टेपच्या फिरकीत मीठ राहिलं तर पुढच्या वेळी हँडल फिरत नाही.

दशमी, बेळगाव, टिळकवाडी

पाट्यांवरची अक्षरं त्याच आठवड्यात वहीत उतरवायची, आणि दोघांनी वेगवेगळी. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. १६० बिंदूंपैकी पाच ठिकाणी अक्षरं जुळली नाहीत. तीन पाटीवरच पुसट होती, दोन झोअँथिडचा तोच घोळ. फोटोंवर संगणकाने यादृच्छिक बिंदू टाकायचे: २५ फोटो, प्रत्येकी ३० बिंदू, एकूण ७५०. एका बैठकीत शंभरावर बिंदू ओळखू नयेत. नंतर सगळंच शेवाळ दिसू लागतं.

सात नंबरच्या पट्टीचा फोटो जुन्या फोटोवर बसत नाही. चौकट नव्वद अंशांत फिरली आहे: उजव्या कोपऱ्याला टेकवली, पण पट्टीच्या दुसऱ्या बाजूने. गोळा तोच आहे, कडेची खोबण जुळते, पण टक्केवारी काढता येणार नाही. पुढच्या फेरीच्या यादीत पहिली ओळ तीच लिहिली: पट्ट्यांवर उत्तरेचा बाण कोरणे, आणि मे महिन्याच्या आत.